निक्कोच्या उतारावरचा शरद

जपानच्या तोचिगी प्रांतातील निक्को हे गाव दोन गोष्टींसाठी विख्यात आहे. तोकुगावा घराण्याचा मूळ पुरुष जो इएयासू, त्याचे तोशोगू हे देवस्थान १६१७ पासून तेथे उभे आहे. १६३६ साली इएयासूच्या नातवाने त्या देवस्थानाचा थाट वाढविला. आणि ते पाहावयास वर्षातून कोणत्याही दिवशी गेले तरी पदरी निराशा पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्या देवस्थानामागच्या डोंगरांवर शरदात पसरणारी पर्णशोभा. आणि तिच्याविषयी मात्र अशी खातरजमा कोणालाच देता येत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस ती डोंगरावरील दलदलीच्या पठारावर प्रथम प्रकट होते, ऑक्टोबरभर एकेक टप्पा खाली उतरत राहते आणि नोव्हेंबरच्या मध्याच्या सुमारास गावातल्या पुलाजवळ येऊन तिची अखेर होते. म्हणजे सुमारे दीड महिना ती निक्कोत असते खरी, परंतु कोणत्याही एका ठिकाणी ऐन भरात अशी ती थोडेच दिवस सापडते. अमुक महिन्यात गेलो म्हणजे झाले, अशा भरवशावर कॅमेरा खांद्याला लावून निघालेला प्रवासी पुष्कळदा हिरवी राने तरी पाहून परततो किंवा उघड्या फांद्या तरी. कारण त्याने महिना विचारलेला असतो, उंची विचारलेली नसते.

या उतरणीचे कारण तेथल्या भूगोलात आहे. २,४८६ मीटर उंचीच्या नानताई या ज्वालामुखी पर्वताने प्राचीन काळी लाव्हारसाने एका खोऱ्याची वाट अडविली, अडलेल्या पाण्याचे चुझेन्जी हे सरोवर झाले, आणि समुद्रसपाटीपासून १,२६९ मीटरांवर असलेल्या त्या सरोवरातून बाहेर पडणारे पाणी पुढे ९७ मीटरांचा कडा एका उडीत उतरून केगोन या नावाने प्रसिद्ध असलेला धबधबा बनले. सरोवराच्याही वर, सुमारे १,४०० मीटरांवर, सेन्जोगाहारा हे पाणथळ पठार आहे. तर देवस्थान आणि गाव सरोवराच्या सहाशेहून अधिक मीटर खाली. शंभर मीटर चढावे तो हवा सुमारे ०.६ अंशाने थंड व्हावी, हा पर्वतप्रदेशाचा सर्वसाधारण नियम. त्या हिशेबाने गाव आणि सरोवर यांच्या तापमानात जवळजवळ चार अंशांचे अंतर पडते, आणि थंडीचा अंमल अर्थातच आधी वरच्या मुलुखावर बसतो.

खालच्या आणि वरच्या मुलुखांना जोडणारा इरोहाझाका हा घाट मोठा चमत्कारिक आहे. त्याचे रस्ते दोन : १९५४ साली खुला झालेला जुना रस्ता आता केवळ उतरण्यासाठी आणि १९६५चा नवा केवळ चढण्यासाठी. दोहोंची मिळून ४८ वळणे असून प्रत्येक वळणावर जपानी वर्णमालेतील एकेका अक्षराची पाटी लाविलेली आहे. छायाचित्रकाराला या व्यवस्थेचा व्यावहारिक अर्थ असा की, घाटमाथ्याजवळचे अकेचिदायरा हे ठिकाण चढत्या रस्त्यावरच लागते. ‘परतताना पाहू’ म्हणून जो ते मागे टाकतो, त्याला पुन्हा तळाशी जाऊन चढून यावे लागते.

आता पानांकडे वळू. उन्हाळ्यात पान हिरवे दिसते ते त्यातील हरितद्रव्यामुळे, आणि हे द्रव्य सतत नष्ट होत असूनही झाड ते सतत नव्याने तयार करीत असते. दिवस आखूड होऊ लागले, रात्री गारठू लागल्या, म्हणजे झाड हा उद्योग आवरता घेते, पानातील उपयुक्त द्रव्ये फांदीकडे ओढून घेते आणि देठाच्या मुळाशी एक पेशींचा पडदा बांधावयास लागते. हरितद्रव्य ओसरले की कॅरोटिनॉइड वर्गाची पिवळी-नारिंगी द्रव्ये, जी पानात वर्षभर असूनही झाकलेली होती, ती दिसू लागतात. बर्चचा आणि लार्चचा पिवळेपणा तो हाच. लाल रंगाची कथा निराळी आहे. मेपलच्या पानातील अँथोसायनिन हे द्रव्य आधीपासून साठविलेले नसते. झाडाचा संसार आवरण्याच्या त्या घाईतच, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून, उन्हाच्या साहाय्याने ते नव्याने सिद्ध होते. म्हणून ज्या वर्षी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री पाणी न गोठण्याइतपत थंडी असा योग जमून येतो, त्या वर्षी डोंगर पेटल्यासारखे दिसतात. ज्या वर्षी शरद ढगाळ आणि उबदार जातो, त्या वर्षी तोच डोंगर मळकट तांबूस होऊन बसतो. आणि ऐन वेळी एखादे तुफान आले तर रंग चढलेली पाने एका रात्रीत जमिनीवर येतात. जपानच्या हवामान खात्याने देशभर मेपलची काही नमुन्याची झाडे मुक्रर केलेली आहेत. अशा झाडाकडे पाहता बहुतेक पाने लाल झालेली आणि हिरवेपण जवळजवळ गेलेले आढळले, म्हणजे ती तारीख रीतसर दप्तरी दाखल होते. प्रवाशांच्या तजविजी अशा वार्तांवर आणि अंदाजांवर चालतात.

छायाचित्रकाराला या रसायनाचा आणखी एक उपयोग आहे. रंगद्रव्य पानाच्या अंतर्भागात असते आणि पान असते पातळ; तेव्हा सूर्य पाठीशी घेऊन समोरून टिपलेल्या पानात पृष्ठभागावरून परतलेला प्रकाशच पुष्कळ येतो, तर पानाच्या मागून आलेला प्रकाश त्या द्रव्यातून गाळून येतो आणि रंग अंतःकरणातून उजळल्यासारखा भासतो. नवशिक्याला सूर्य पाठीमागे ठेवण्याची शिकवण मिळालेली असते; पर्णशोभेच्या बाबतीत तिच्या नेमके उलट वागावे, झाडाच्या सावलीच्या बाजूस जाऊन उभे राहावे आणि सूर्याचे बिंब एखाद्या खोडाआड लपवून पानांकडे पाहावे. समोरून टिपण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हा पोलरायझर ही फिरती काच भिंगावर चढवावी. मेणचट पानावरची पांढुरकी चमक, विशेषतः पाऊस पडून गेल्यानंतरची, तिने मोठ्या प्रमाणात मावळते आणि खालचा रंग वर येतो. आकाशावर तिचा प्रभाव सूर्याच्या दिशेशी काटकोन करून पाहिल्यास सर्वाधिक पडतो. मात्र ती दीड-दोन स्टॉप प्रकाश खाते, रुंद भिंगावर आकाशात काळसर पट्टा उमटविते आणि पाण्यातील प्रतिबिंबही पुसून टाकू शकते, हे विसरू नये.

इतकी सामग्री घेऊन वरून खाली यावे. सेन्जोगाहाराच्या पठारावर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधिकाळात पहिल्याने लाल होते ते झाड नव्हे, गवत. मैलभर पसरलेली ही तांबूस-पिंगट पाणथळ भूमी दुपारच्या कोरड्या उन्हात अगदी सामान्य दिसते आणि पुष्कळ प्रवासी तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जातात. तिचे दिवस येतात ते पहाटे. स्वच्छ रात्री जमिनीतील ऊब आकाशात निघून गेली म्हणजे गार, जड हवा पठाराच्या खळग्यात साचते, तिच्यात धुके धरते, आणि सूर्य डोंगराआडून वर येण्याच्या सुमारास ते धुके पातळ होऊ लागते. शेजारच्या ओदाशिरोगाहारा या लहान पठारावर, जेथे खाजगी मोटारींना मज्जाव असून अकानुमाहून सुटणाऱ्या बसने किंवा पायी जावे लागते, एक एकाकी शुभ्र बर्च वृक्ष आहे. जपानी छायाचित्रकारांनी त्याला खानदानी स्त्रीची उपमा देऊन ठेविली आहे, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मागची लार्चची रांग सोनेरी झाली म्हणजे त्याच्यासमोर पहाटेच्या अंधारात तिपायांची रांग लागते. या चित्रात रंग फारच थोडा असतो. धुक्याने तीन-चतुर्थांश भाग राखाडी करून टाकलेला असतो, आणि म्हणूनच उरलेले सोने नजरेत भरते.

पठारावरचे पाणी घेऊन युकावा ही नदी सरोवराकडे उतरते तेव्हा सरोवराच्या अलीकडे र्‍यूझू नावाचा धबधबा लागतो. काळ्या खडकावरून दोनशे मीटरांहून अधिक लांब घरंगळत येणारे हे पाणी तळाशी एका खडकाने दुभंगते, आणि समोरच्या चहाच्या दुकानातून ते दोन प्रवाह व त्यांवर वाकलेल्या फांद्या एकत्र दिसतात. झाडांना रंग येण्याचा मान निक्कोत बहुधा येथल्या फांद्यांना पहिल्याने मिळतो. येथे छायाचित्रकारापुढे एक पेच उभा राहतो. पाण्याला रेशमी प्रवाहीपण द्यावयाचे तर शटर पाव सेकंदापासून एक सेकंदापर्यंत उघडे हवे, आणि धबधब्याच्या वाऱ्याने सदैव हलणारी पाने स्पष्ट यावयाची तर ते सेकंदाच्या शतांश भागात मिटले पाहिजे. अनुभवी माणसे तिपाई न हलविता दोन छायाचित्रे घेतात, एक पाण्यासाठी व एक पानांसाठी, आणि घरी ती एकमेकांत मिळवितात. ज्यांना हा उपद्व्याप मान्य नाही, ते वारा पडण्याची वाट पाहतात. येथे ढगाळ आकाश वैरी नसून मित्र आहे. उन्हात पांढरे पाणी आणि काळा खडक यांतील अंतर कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते. ढगांतून गाळून आलेल्या प्रकाशात दोघेही समजुतीने नांदतात. आकाश पांढरे असेल तर ते चौकटीत घेऊच नये, हा मात्र दंडक पाळावा.

सरोवराचा काठ हा रुंद दृश्यांचा प्रदेश. दक्षिणेकडील हांगेत्सु डोंगरावरून पाहिले असता हाच्चोदेजिमा नावाचे चिंचोळे भूशिर निळ्या पाण्यात घुसलेले आणि त्याच्यापलीकडे नानताईचा शंकू उभा राहिलेला दिसतो. अकेचिदायराच्या रोपवेने वर गेले तर पर्वत, सरोवर आणि केगोन ही तिन्ही एका चौकटीत सापडतात. अशा ठिकाणी सर्व काही भिंगात कोंबण्याचा मोह अनावर होतो, आणि जे डोळ्यांना विराट भासले होते ते चित्रात बोटभर होऊन बसते. तेव्हा एक चित्र रुंद भिंगाने घेऊन मनाची हौस फेडावी, आणि मग लांब पल्ल्याचे भिंग चढवून समोरच्या उताराचा एकच तुकडा निवडावा : एखादी घळ, जिच्या एका काठाला मेपल आणि दुसऱ्या काठाला अजून हिरवा राहिलेला ओक आहे, किंवा ढगाची सावली सरकत असता क्षणभर उजळलेला एकच वृक्षसमूह. प्रतिबिंब हवे असेल तर सूर्योदयाच्या आगेमागेच सरोवरावर हजर असावे, कारण ऊन तापू लागले की वारा उठतो आणि आरसा फुटतो.

या काठावर मनुष्यनिर्मित चौकटही आहे. मेजी काळापासून परदेशी वकिलातींचे लोक तोक्योचा उन्हाळा टाळण्यासाठी येथे येऊन राहत. ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटो याने १८९६ साली येथे घर बांधले, आणि १९२८ साली अँटोनिन रेमंड या वास्तुशिल्पज्ञाने इटलीच्या राजदूतासाठी एक उन्हाळी बंगला उभारला, जो आता सर्वांना खुला आहे. त्याच्या भिंती सुगी या जपानी वृक्षाच्या सालीच्या पट्ट्यांनी मढविल्या असून, पट्ट्या कोठे आडव्या, कोठे उभ्या, कोठे तिरप्या बसवून त्यांतून नक्षी साधली आहे. सरोवराकडे उघडणाऱ्या त्याच्या सोप्यात मागे सरून उभे राहावे, म्हणजे अंधारी लाकडी चौकट, तिच्यात एखादी लाल फांदी आणि पलीकडे पाणी, असे तयार चित्र मिळते. प्रकाशाचे माप बाहेरच्या फांदीवरून घ्यावे, सोपा काळा पडला तर पडू द्यावा.

नोव्हेंबरात शरद गावात उतरतो, आणि माझ्या मते पर्णशोभेच्या छायाचित्रणाचे मर्म येथे सर्वांत स्पष्ट उलगडते. दाइया नदीवरचा शिंक्यो हा शेंदरी पूल आणि त्याच्या आसपासचे मेपल यांची चित्रे जगभर गेलेली आहेत. परंतु लालावर लाल चढवून पुष्कळदा ती डोळ्यांना शिणवितात. तेथून तोशोगूकडे वळावे. देवस्थानाभोवती सुगी वृक्षांचे शतकानुशतकांचे राखलेले रान आहे. सरळ, उंच, बारमाही हिरवे, आणि भरदिवसाही आत काळोख धरून ठेवणारे. त्या काळोखापुढे एखादी मेपलची फांदी आडवी आलेली असते, वरून झिरपणारा कवडसा तिच्या पाचसात पानांवरच पडलेला असतो. जवळ जाऊन पाहावे तो प्रत्येक पान निराळे : एकाचे टोक करपलेले, दुसऱ्याच्या शिरांच्या कडेने अजून हिरवी रेघ, तिसऱ्यावर कीटकाने पाडलेले छिद्र आणि त्यातून दिसणारा मागचा अंधार. कॅमेरा येथे हटकून फसतो. चौकटीचा बहुतेक भाग काळा पाहून तो प्रकाश वाढवितो, आणि त्या सबबीने पानांचा लाल रंग असा भडकतो की शिरा, रेघ, छिद्र सारे एका सपाट डागात बुडून जाते. म्हणून एक्सपोजर अंदाजे एक स्टॉप उतरवावे, हिस्टोग्रामात लाल रंगाचा आलेख उजव्या कडेवर आपटत नाही ना हे निराळे पाहावे, आणि सुगीचा काळोख काळोखच राहू द्यावा. तिखटाने पदार्थाला चव येते, पण नुसत्या तिखटाचा पदार्थ होत नाही. तद्वत लाल रंग ज्याच्या आधाराने लाल दिसतो तो काळा, राखाडी, हिरवा किंवा पांढरा शेजारी ज्याने आधी शोधला, त्याचेच चित्र टिकते.

हे मर्म काही एकट्या निक्कोचे नाही. एलियट पोर्टर या अमेरिकन छायाचित्रकाराचा रंगीत निसर्गचित्रांचा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला, त्या काळी गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवलच, अशी समजूत रूढ होती. पोर्टरने विराट देखावे बाजूस सारून पाने, खोडे, वाहते पाणी असे लहान विषय पुष्कळदा सावलीतल्या मऊ प्रकाशात टिपले आणि रंगाला संयमाने बोलके केले. पुढे १९९० साली जपानच्याच फुजी कंपनीची वेल्व्हिया ही फिल्म निघाली. तिच्या गडद, रसरशीत रंगांनी निसर्गचित्रकारांच्या एका पिढीला वेड लावले आणि शरदाचे रंग खऱ्याहून खरे दिसावेत अशी लोकांना सवय लागली. आता तर मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकविले की डोंगर हवा तितका भडक होतो. हा मोह आवरणे कठीण आहे, तथापि एक साधा उपाय आहे : स्वयंचलित व्हाइट बॅलन्स बंद करून ते सूर्यप्रकाशावर स्थिर करावे, कारण यंत्र पिवळ्या-लाल छटेलाच दोष समजून ती धुऊन काढते, मग आपण ती परत भरावयास जातो आणि त्या भरीत अतिरेक होतो. मुळात धुतलीच नाही तर भरावीही लागत नाही.

येथवर प्रकाशाच्या अडचणी झाल्या. गर्दीच्या निराळ्या आहेत. तोक्योच्या आसाकुसा स्थानकावरून तोबू कंपनीची जलद गाडी सुमारे दोन तासांत निक्कोला पोचविते, आणि ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारी निम्मी राजधानी घाटात लोटली आहे की काय असे वाटते. एरवी तासाच्या आत संपणाऱ्या वाटेला तेव्हा कित्येक तास लागतात. शक्य तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, मुक्काम खाली न करता सरोवरकाठी किंवा त्याहून वर युमोतोच्या उष्णोदकाच्या गावी करावा, आणि मोटारींची रांग घाटात शिरण्यापूर्वी पहाटेचे काम उरकून घ्यावे. पठारावर चालण्यासाठी लाकडी फळ्यांचा पूल बांधलेला आहे. त्यावरून खाली पाय ठेवण्यास मनाई आहे, कारण पाणथळीतील वनस्पतींची भूमी तुडविली गेली की सहजी भरून येत नाही. आणि त्या अरुंद पुलावर तिपाई पसरून वाट अडविणे हाही तेथे असभ्यपणाच गणला जातो. घाटातल्या माकडांना खाऊ घालण्यास गावच्या नियमाने बंदी आहे. छायाचित्राच्या लोभाने मनुष्य किती नियम मोडू शकतो, याचा अनुभव सर्व प्रेक्षणीय स्थळांना येत असल्यामुळे असे बंदोबस्त करावे लागतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडील वाचकाला प्रश्न पडेल की, ज्याला जपानला जाण्याचा योग नाही त्याने या विद्येचे काय करावे. महाराष्ट्रातील शरद पानांना रंग देत नाही. आश्विनात ऊन तापते आणि सह्याद्री हिरव्याचा पिवळा होऊ लागतो, तो गवताने. परंतु फाल्गुन-चैत्रात, बाकीचे रान रखरखीत झालेले असता, घाटातला कुसुंब कोवळ्या पानांनी लालभडक होतो, आणि पिंपळाची पालवी तांबूस चमकते. या लालीमागेही अँथोसायनिनच असते. भेद इतकाच की जपानी मेपल ते पान टाकण्यापूर्वी करतो आणि आमचा कुसुंब पान उघडताना. कुसुंबाची पालवीही पातळ असते, तिलाही मागून आलेला प्रकाश मानवतो, तिच्यावरची चमकही पोलरायझरने मावळते, आणि तिलाही मागे काळ्या कातळाची किंवा सावलीतल्या दरीची पार्श्वभूमी मिळाली तर ती अधिक खुलते. कोकणात किंवा देशावर घाटरस्त्याने जाताना हे झाड मोटारीच्या काचेतून दिसते, आणि लोक ‘केवढे लाल!’ म्हणून पुढे जातात. त्यांनी गाडी बाजूस घेऊन उतरावे, झाडाला अर्धी प्रदक्षिणा घालून सूर्याच्या विरुद्ध अंगास यावे, आणि लाल रंगाआधी त्याच्या मागे काय आहे ते पाहावे. निक्कोला जाण्याचा योग पुढे आलाच, तर तेथे शिकण्यासारखे निम्मे शिकून झालेले असेल.